हवामानबदल : सांगोवांगी आणि मोजमाप

रोहिणी नक्षत्र लागले की गावोगावच्या पारावर एकच विषय असतो, तो म्हणजे यंदाचा पाऊस. पूर्वी या चर्चेत कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या अंगाला बांधले, वारा कोणत्या दिशेने फिरला, आंब्याला मोहोर कसा आला, असे आडाखे असत. ते आजही आहेत. पण त्यांच्या जोडीला ‘हवामानबदल’ हा नवा शब्द येऊन बसला आहे. गारपीट झाली, तर हवामान बदलले. विहीर आटली, तर हवामान बदलले. तुरीवर अळी पडली, तरी हवामानच बदलले. हातातील भ्रमणध्वनीवर रोज एक नवे भाकीत येऊन पडते आणि त्यापाठोपाठ ‘हे सारे थोतांड आहे’ असे सांगणारा संदेशही येतो. या दोहोंच्या कात्रीत सामान्य शेतकरी सापडलेला आहे.

अशा बैठकीत एखाद्या वयोवृद्ध शेतकऱ्याने विचारले, “साहेब, हिमालयातला बर्फ २०३५ साली संपणार म्हणे. मग आमच्या गोदावरीचे कसे व्हायचे?” तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने काय उत्तर द्यावे? ‘होय, मोठे संकट आहे’ असे म्हणणे सोपे आहे. ‘त्या सगळ्या अफवा’ असे म्हणणेही तितकेच सोपे आहे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत, हे समजून घेणे हे आजच्या कृषिविस्तार कार्याचे एक महत्त्वाचे अंग होय.

एका आकड्याची कथा

२०३५ या सालाची कथा मोठी उद्बोधक आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळ ही संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाखाली काम करणारी संस्था. जगभरातील शास्त्रज्ञ तिच्यासाठी दर काही वर्षांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, आशियाविषयीच्या प्रकरणात असे छापले गेले की, हिमालयातील हिमनद्या सध्याच्याच वेगाने आटत राहिल्या, तर २०३५ पर्यंत किंवा त्याहूनही लवकर त्या नाहीशा होण्याचा संभव फार मोठा आहे.

हे विधान आले कोठून? ते एका निसर्गसंरक्षण संस्थेच्या २००५ सालच्या अहवालातून उचलले होते. त्या संस्थेने ते १९९९ सालच्या एका इंग्रजी विज्ञान साप्ताहिकातील वृत्तावरून घेतले होते. ते वृत्त एका मुलाखतीवर आधारलेले होते. म्हणजे मुळाशी ना मोजणी होती, ना तपासलेला शोधनिबंध. १९९६ सालच्या एका रशियन हिमनदीतज्ज्ञाच्या लेखनात २३५० हे साल आलेले आहे. त्यातील आकड्यांची अदलाबदल होऊन २०३५ झाले असावे, असा कयास पुढे अनेकांनी केला. चावडीवरची बातमी चार तोंडे फिरून वेशीपर्यंत पोहोचेतो जशी बदलते, तसेच येथे झाले. फरक इतकाच की, येथे बातमी फिरली ती विद्वानांच्या कागदांवरून.

त्याच ठिकाणी आणखी दोन खुणा होत्या. हिमनद्यांचे क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असे तेथे म्हटले होते. पण हिमालयातील हिमनद्यांचे एकूण क्षेत्रच सुमारे ३३ हजार चौरस किलोमीटर सांगितले गेले होते. दुसरी खूण याहूनही बोलकी आहे. पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे हटली, म्हणजे वर्षाला १३५.२ मीटर, असे कोष्टकात दिले होते. १८४५ ते १९६६ ही १२१ वर्षे होतात. २,८४० ला १२१ ने भागले, तर उत्तर साडेतेवीसच्या आसपास येते. कोणी तरी १२१ ऐवजी २१ ने भागले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील पाचवीचा विद्यार्थीदेखील पाटीवर पडताळून पाहू शकेल, असा हा भागाकार; पण तो जगातील नामांकित परीक्षकांच्या नजरेतून सुटला.

यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी विजयकुमार रैना यांचा हिमालयीन हिमनद्यांवरील आढावा प्रसिद्ध केला. हिमनद्या असाधारण वेगाने मागे हटत असल्याचा पुरावा दिसत नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना ‘जादूटोण्याचे विज्ञान’ अशा अर्थाच्या शब्दांत केली. परंतु दोनच महिन्यांत, २० जानेवारी २०१० रोजी, मंडळाला जाहीर निवेदन काढावे लागले. संबंधित परिच्छेदातील अंदाज पुरेशा आधाराशिवाय दिले गेले आणि पुराव्याचे ठरलेले निकष नीट पाळले गेले नाहीत, अशी ती कबुली होती. पुढे त्याच वर्षी निरनिराळ्या देशांच्या विज्ञान अकादमींच्या संयुक्त परिषदेने मंडळाच्या कार्यपद्धतीची तपासणी केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये सुधारणा सुचविल्या.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना आवडते. ती सांगून ‘पाहा, सारेच खोटे निघाले’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. पण कथा येथे संपत नाही. साल चुकले होते. दिशा चुकलेली नव्हती. हेरगिरीसाठी पूर्वी घेतलेली आणि नंतर खुली झालेली उपग्रहचित्रे तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, १९७५ ते २००० या काळाच्या तुलनेत २००० ते २०१६ या काळात हिमालयातील बर्फ घटण्याचा वेग सुमारे दुप्पट झाला. त्याच वर्षी काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राच्या मोठ्या आढाव्यात म्हटले गेले की, जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी हिंदुकुश-हिमालय प्रदेशातील सुमारे एक-तृतीयांश बर्फ या शतकाच्या अखेरीपर्यंत जाईल. आणि वायूंचे उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर दोन-तृतीयांश जाईल.

याचा अर्थ स्पष्ट आहे. २०३५ साली हिमालय उघडा पडणार नाही. पण हिमनद्या आटत आहेत, आणि नातवंडांच्या हयातीत त्यांचा मोठा भाग नाहीसा होणार आहे, ही गोष्ट खरी आहे. चुकीच्या आकड्याने या खऱ्या गोष्टीचे जे नुकसान केले, ते कोणत्याही विरोधकाला करता आले नसते.

न्यायालयातील एक निवाडा

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील आहे. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा हवामानबदलावरील माहितीपट २००६ साली प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला. इंग्लंडच्या शासनाने तो माध्यमिक शाळांतून दाखविण्याचे ठरविले. त्यावर एका शाळेच्या नियामक समितीतील सभासदाने लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी निकाल दिला. माहितीपटाचा मुख्य वैज्ञानिक आशय स्थूलमानाने अचूक आहे, असे त्यांनी म्हटले. परंतु त्यातील नऊ विधाने प्रचलित वैज्ञानिक मतापलीकडे जातात, असेही नोंदविले. मार्गदर्शक टिपणांची जोड देऊन तो शाळांतून दाखविण्यास हरकत नाही, असा एकंदर निर्णय झाला.

त्या नऊ विधानांपैकी तीन येथे पाहण्यासारखी आहेत. समुद्राची पातळी नजीकच्या काळात वीस फुटांपर्यंत वाढेल, असा समज माहितीपटातून होत होता; प्रत्यक्षात एवढी वाढ होण्यास सहस्रके लागतील, असे शास्त्रज्ञांचे मत होते. आफ्रिकेतील चाड सरोवर आटले, ते तापमानवाढीमुळे, असे दाखविले होते. पण लोकसंख्येची वाढ, अतिचराई आणि प्रादेशिक हवामानातील चढउतार ही कारणे अधिक संभवनीय मानली गेली होती. २००५ साली अमेरिकेत झालेल्या कॅटरिना वादळाचा दोष सरळ तापमानवाढीवर ठेवला होता. एका वादळाविषयी असे म्हणण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता.

चाड सरोवराची गोष्ट वाचताना महाराष्ट्रातील कोणत्याही कार्यकर्त्याला आपल्या शिवारातील विहीर आठवावी. विहीर आटली, तेव्हा पाऊस कमी पडला होता काय? की भोवतीच्या विंधनविहिरींची संख्या वाढली, पाटाचे पाणी नसताना ऊस उभा राहिला, ओढ्यातील गाळ वर्षानुवर्षे निघाला नाही? कारण शोधण्यापूर्वीच ‘हवामान’ असे म्हणून मोकळे होणे, हे काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्यासारखे आहे. अशाने खरे कारण हातातून निसटते. आणि जे गावाच्या हाती होते, तेही कोणी करीत नाही.

दुसऱ्या बाजूची सांगोवांगी

अतिशयोक्ती केवळ भीती घालणारेच करतात, असे नाही. नाकारणाऱ्यांच्या बाजूलाही तिची कमतरता नाही. ‘१९९८ नंतर पृथ्वी तापायची थांबली’ हे विधान कित्येक वर्षे जगभर फिरत होते. त्याचे मर्म आरंभाच्या वर्षात आहे. १९९८ साली एल निनोचा जोर होता, त्यामुळे ते वर्ष त्या काळातील सर्वांत उष्ण ठरले होते. डोंगराच्या शिखरावरून मोजायला सुरुवात केली, की पुढची सारी वाट उताराचीच दिसते. पुढे २००५, २०१०, २०१४, २०१५, २०१६ अशी वर्षे त्याला मागे टाकीत गेली, आणि २०२४ हे आजवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

हीच युक्ती पावसालाही लावता येते. एखाद्या दुष्काळी गावाची पावसाची आकडेवारी १९७२ पासून मांडली, तर पाऊस वाढत चालल्याचा भास होईल, कारण प्रारंभच भीषण अवर्षणाचा. तीच आकडेवारी एखाद्या ओल्या वर्षापासून मांडली, तर पाऊस घटत चालल्याचे दिसेल. दोन्ही आलेखांतील आकडे खरे असतील आणि दोन्ही निष्कर्ष खोटे असतील.

‘हवामान पूर्वीपासूनच बदलत आले आहे, १८७६ चा दुष्काळ पडला, तेव्हा कोठे होत्या मोटारी?’ असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. दुष्काळ पूर्वीही पडत, हे निर्विवाद आहे. पण गवताला पूर्वी वीज पडून आग लागत असे, म्हणून आज विडीच्या थोटकाने आग लागत नाही, असे कोणी म्हणत नाही. जुने कारण होते, एवढ्याने नवे कारण नाहीसे होत नाही.

पक्के काय आहे

मग पक्के असे काही आहे की नाही? आहे, आणि ते साध्या शब्दांत सांगता येते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू उष्णता धरून ठेवतो, हे एकोणिसाव्या शतकातच प्रयोगाने सिद्ध झाले. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ येथे या वायूचे अखंड मोजमाप होत आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. कोळसा व खनिज तेल यांचे ज्वलन हे या वाढीचे प्रमुख कारण आहे.

भारतापुरते पाहावयाचे, तर केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली आपला आढावा प्रसिद्ध केला. तो पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, असे त्यात नमूद आहे. ही घट मुख्यतः गंगेचे खोरे आणि पश्चिम घाट या भागांत दिसते. तिच्या कारणांमध्ये केवळ तापमानवाढ नाही. हवेतील धूर व सूक्ष्म कणांचाही त्यात मोठा वाटा सांगितला आहे. पुण्याच्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखविले की, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. एकूण पाऊस वाढलेला नाही, पण तो कोसळण्याची रीत बदलली आहे. याचे एक कारण सरळ आहे. हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. मग ढग रिता होतो, तेव्हा तो जोराने रिता होतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ‘अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आहेत’ हे विधान अनेक दशकांच्या मोजणीवर उभे आहे. ‘गेल्या आठवड्यातील आमच्या गावची अतिवृष्टी हवामानबदलामुळेच झाली’ हे विधान वेगळे आहे. ओढ्याकाठच्या शेताचा बांध दरवर्षी थोडा थोडा खचत गेला, तर पाणी शेतात शिरण्याचे प्रसंग वाढतात. पण एखाद्या वर्षी पाणी शिरले, ते बांध खचल्यामुळेच की बांध शाबूत असतानाही शिरले असते, हे त्या एका प्रसंगावरून सांगता येत नाही. त्यासाठी पाण्याची उंची आणि बांधाची उंची दोन्ही मोजावी लागतात. शास्त्रज्ञ आता तशी मोजणी काही घटनांबाबत करू लागले आहेत. परंतु ती मोजणी होईपर्यंत गावसभेत छातीठोक निर्णय देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सरासरीचा फेरा

सरकारी आकड्यांचाही विपरीत अर्थ लावला जातो, म्हणून ते समजावून सांगणे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी दर दहा वर्षांनी नव्याने काढतो. पूर्वी ती ८८ सेंटीमीटर होती. १९७१ ते २०२० या कालखंडावरून २०२२ साली ती ८७ सेंटीमीटर झाली. एवढ्यावरून ‘पाऊस संपत चालला’ अशी हाकाटी झाली. विभागाचे म्हणणे असे की, ओल्या आणि कोरड्या दशकांचे नैसर्गिक चक्र असते आणि ही घट त्याचा भाग आहे.

तसेच २०२० साली विभागाने पाऊस सुरू होण्याच्या आणि परतण्याच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. पूर्वीच्या तारखा १९०१ ते १९४० या काळावर आधारलेल्या होत्या. नव्या तारखांनुसार केरळातील आगमनाची तारीख १ जून हीच राहिली, मुंबईची एका दिवसाने पुढे गेली. पण मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख सप्टेंबरच्या अखेरीवरून ८ ऑक्टोबरवर गेली. सोयाबीन, बाजरी, उडीद यांच्या काढणीच्या दृष्टीने ही बाब जागतिक तापमानाच्या साऱ्या चर्चेपेक्षा अधिक उपयोगाची आहे. पण तिची चर्चा पारावर क्वचितच होते.

आणि तारखा बदलल्या, तरी दर वर्षाचा स्वभाव निराळाच असतो. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईच्या नोंदींतील हे सर्वांत लवकरचे आगमन. ‘आता पाऊस मे महिन्यातच येणार’ असे त्यावेळी पुष्कळांना वाटले. परंतु पुढे पावसाची वाटचाल खोळंबली. पेरणीची घाई करू नका, असे आवाहन कृषी विभागाला करावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. एका वर्षाच्या आगमनावरून नियम काढणाऱ्याची पंचाईत होते ती अशी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावाचून पेरू नये, हा सल्ला हवामान बदलो वा न बदलो, खराच राहतो. चुकीच्या भाकितावर विसंबून बियाणे मातीत घातले, तर दुबार पेरणीचा खर्च भाकीत पसरविणारा देत नाही. तो शेतकऱ्याच्या घरातून जातो.

भीती घातल्यावाचून लोक हलत नाहीत?

काही सुबुद्ध माणसांचे म्हणणे असे असते की, थोडी अतिशयोक्ती झाली तरी चालेल. हेतू चांगला आहे ना? लोकांना घाबरविल्यावाचून ते झाडे लावीत नाहीत, पाणी अडवीत नाहीत. हा युक्तिवाद वरवर पटणारा असला, तरी तो स्वीकारता येत नाही.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. त्या गोष्टीत लांडगा खोटा नव्हता. तो शेवटी आलाच. खोटी होती ती हाक, आणि त्यामुळे खऱ्या हाकेला कोणी धावले नाही. हवामानबदलाचे संकट खरे आहे, म्हणूनच त्याविषयीची प्रत्येक हाक खरी असली पाहिजे. दहा वर्षांत अमुक नाहीसे होईल असे सांगितले आणि ते झाले नाही, म्हणजे अकराव्या वर्षी कार्यकर्त्याच्या कोणत्याच शब्दावर गाव विश्वास ठेवीत नाही. मग तो बीजप्रक्रियेविषयी बोलत असला, तरी ऐकणारा मनात हसतो. विस्तार कार्यकर्त्याजवळ विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नाही. ते एकदा गेले, की पुन्हा उभे करण्यास कित्येक हंगाम लागतात.

शिवाय भीतीचा बाजार मांडणारे टपलेलेच असतात. ‘बदलत्या हवामानावर हमखास उपाय’ असे लिहिलेल्या बाटल्या आणि पुड्या दुकानांतून दिसू लागल्या आहेत. घाबरलेला माणूस घासाघीस करीत नाही आणि पुरावाही मागत नाही. अतिशयोक्तीने मनाची जी जमीन नांगरली जाते, तिच्यात असेच तण आधी उगवते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोरडवाहू शेतकरी अनिश्चिततेला नवखा नाही. त्याचे सारे आयुष्य ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ या दोन शब्दांवर चाललेले असते. तूर आणि सोयाबीन एकाच शेतात घेणारा शेतकरी संभाव्यतेचे गणित शहरातील सुशिक्षितापेक्षा अधिक जाणतो. ‘अतिवृष्टीचा संभव वाढला आहे, नेमके वर्ष सांगता येत नाही’ असे त्याला सांगितले, तर तो गोंधळत नाही. तो चर काढण्याचा विचार करतो. त्याला अर्धवट समजणारा समजून आकडे फुगवून सांगणे, हा त्याचा अपमान होय.

चार प्रश्न

यावर उपाय काय? हवामानाविषयीचे कोणतेही विधान कानी आले, की कार्यकर्त्याने आणि शेतकऱ्याने चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

पहिला, हे कोठले? हिमालयाचे, आफ्रिकेचे, की आपल्या तालुक्याचे? दुसरा, हे कोणत्या काळाचे? कोणत्या वर्षापासून मोजले, आणि तेच वर्ष का निवडले? तिसरा, हे कोणी मोजले? मोजणाऱ्याचे म्हणणे आहे, की ऐकणाऱ्याने ऐकणाऱ्याला सांगितलेले? चौथा, याला दुसरे काही कारण असू शकेल काय? विहीर, ओढा, पीकपद्धती, बियाणे यांकडे पाहून झाले आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे देण्यास गावाजवळ साधने आहेत. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अशाच नोंदींवरून ठरते. म्हणजे मोजमाप हा शेतकऱ्याच्या रोख पैशाचाही विषय आहे. आपल्या मंडळाचे केंद्र कोठे आहे, ते चालू आहे की बंद, हे प्रत्येक गावाने पाहून ठेवावे आणि बंद असल्यास लेखी कळवावे. याखेरीज शाळेच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक बसवावा. रोज सकाळी साडेआठला मिलिमीटरमध्ये नोंद घेऊन ती फळ्यावर आणि वहीत लिहावी. दहा वर्षांची अशी वही गावाजवळ असेल, तर पारावरच्या चर्चेचे रूपच पालटेल. ‘पूर्वी मृग कसा बरसायचा’ या आठवणीला आदर द्यावा. पण माणसाच्या स्मरणात ओली वर्षे ओली राहतात आणि मधली वर्षे विरून जातात, हे विसरू नये.

आणि कार्यकर्त्याकडून चूक झाली, तर? ती ज्या सभेत झाली, त्याच सभेत दुरुस्त करावी. मंडळाने २०३५ ची चूक मान्य करण्यास जेवढा विलंब लावला, आणि ती दाखविणाऱ्याची आधी जी हेटाळणी झाली, त्यानेच तिची हानी अधिक झाली. चूक कबूल केल्याने ज्ञान लहान होत नाही. ज्या वहीत खाडाखोड करून खरा आकडा लिहिलेला असतो, ती वही कोऱ्या करकरीत वहीपेक्षा अधिक विश्वासाची असते.

आता त्या वयोवृद्ध शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. “बाबा, २०३५ हे साल चुकीचे होते; ते छापणाऱ्यांनीच तसे मान्य केले. हिमालयाचा बर्फ मात्र खरोखर आटतो आहे, आणि गंगा-सिंधूच्या काठच्या लोकांना त्याची झळ बसणार आहे. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीतून निघते, कृष्णा महाबळेश्वरातून आणि भीमा भीमाशंकरातून. या नद्या बर्फावर नव्हे, पावसावर जगतात. तो पाऊस आता थोड्या दिवसांत अधिक जोराने पडू लागला आहे, असे मोजमाप सांगते. म्हणून आपल्या रानातून वाहून जाणारे पाणी आणि माती कशी थांबवायची, हा आपला प्रश्न आहे.”

या उत्तरात भीती नाही आणि खोटा दिलासाही नाही. त्यानंतर बैठक पारावर थांबत नाही. ती बांधावर जाते.